अनिता मुई ऐकायची तर शेवटापासून सुरुवात करू नका

तुम्ही विचारलंय, की लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात गाणाऱ्या अनिता मुईचा व्हिडिओ पाहून डोळे भरून आले, पण ही बाई नक्की कोण आणि तिची गाणी कुठून ऐकायला घ्यायची? उत्तर जरा लांबेल, कारण हाँगकाँगच्या गायिकांमध्ये मला हिच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी तिला नाव माहीत नसतानाच पाहिलंय. जॅकी चॅनच्या 'ड्रंकन मास्टर २'मधली त्याची ती माजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाची वेडी, खट्याळ सावत्र आई म्हणजे अनिता. प्रत्यक्षात ती जॅकीपेक्षा नऊ वर्षांनी लहान!

जन्म १९६३चा, हाँगकाँगमधला. वडील लवकर गेले. चार भावंडांत ही शेंडेफळ, पण घर चालवायला हिच्याच गाण्याचा आधार. चार-पाच वर्षांची असल्यापासून थोरली बहीण ॲन हिच्याबरोबर लाय ची कोकच्या करमणूक बागेत गायची. पुढे रात्रीचे क्लब, पडेल ते स्टेज. शाळा अर्धवट सुटली. गाणाऱ्या पोरीकडे तेव्हा कुणी चांगल्या नजरेनं पाहत नसे, आणि ते तिला लहानपणीच सोसावं लागलं. इतकं गाऊन गाऊन ऐन पंधराव्या वर्षाच्या सुमारास स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि आवाज खाली उतरला. तो खालचा, भरदार, किंचित खरबरीत आवाजच पुढे तिची ओळख झाला. गोड, पातळ आवाजांच्या गर्दीत तो पहिल्या ओळीला कळतो.

१९८२ साली टीव्हीबी वाहिनीनं नवोदित गायकांची स्पर्धा पहिल्यांदाच भरवली. अनितानं गायिका पॉला त्सुईचं गाणं गायलं आणि पहिली आली. वय अठरा, पण स्टेजवरचा अनुभव दहा-बारा वर्षांहून अधिक. स्पर्धेत ती नवखी वाटत नाही, त्याचं कारण हेच.

१९८५च्या 'बॅड गर्ल' अल्बमनं सगळं पालटलं. शीर्षकगीताची चाल गायिका शीना ईस्टनच्या 'स्ट्रट'ची, शब्द कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगच्या बोलीतले, आणि विषय मुलीच्या इच्छेचा. त्या काळी हे धाडसाचं होतं. वेशभूषाकार एडी लाउनं तिला रुंद खांद्यांचे पुरुषी कोट चढवले, पुढच्याच गाण्याला पिसांचा झगा. दर कार्यक्रमात नवं रूप. १९८५ ते १९८९ अशी सलग पाच वर्षं टीव्हीबीच्या संगीत सोहळ्यात सर्वोत्कृष्ट गायिकेचा मान तिचाच होता. मग नव्या मुलींना वाट मिळावी म्हणून तिनं पुरस्कारांची शर्यतच सोडली. मुख्य भूमी चीनमध्ये 'बॅड गर्ल' गायला मनाई होती. १९९५ साली तिथल्याच ग्वांगझू शहरातल्या कार्यक्रमात तिनं ते गायलंच.

आता ऐकण्याबद्दल. कँटोनीजमध्ये सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. त्यामुळे तयार चालीवर गीत लिहिताना चालीचा चढ-उतार आणि शब्दांचे सूर जुळवावे लागतात. हे काम अवघड, आणि हाँगकाँगचे गीतकार त्यात तरबेज. ऐंशीच्या दशकात जपानी चाली घेऊन तिथे ढिगानं गाणी झाली. याचा उत्तम नमुना १९८९चा. गायक मासाहिको कोंडोच्या एकाच जपानी गाण्यावर अनितानं 'सूर्यास्ताचं गीत' गायलं, तर हाँगकाँगचीच गायिका प्रिसिला चाननं निरोपाचं एक वेगळंच गाणं. दोन्ही तुफान चालली. चाहत्यांचे दोन तट पडले. दोन्ही लागोपाठ ऐका. प्रिसिलाचं स्वच्छ, हळुवार. अनिता तेच सूर छातीतून काढते, आणि चाल निराळीच वाटू लागते. माझं मत अर्थातच अनिताच्या बाजूनं.

अभिनयातही ती पहिल्या रांगेतली. दिग्दर्शक स्टॅनली क्वानच्या 'रूज' या चित्रपटात प्रियकराला शोधत पन्नास वर्षांनी परतलेल्या गणिकेचं भूत तिनं इतक्या शांतपणे उभं केलंय की अंगावर काटा येतो. समोर लेस्ली चेउंग. तोही तिच्यासारखाच मोठा गायक आणि तिचा जिवाभावाचा मित्र.

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओमागे २००३ हे वर्ष आहे. थोरली बहीण ॲन २०००मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेली होती. १ एप्रिल २००३ला लेस्ली गेला. शहरात सार्सची साथ. मे महिन्यात अनितानं पुढाकार घेऊन साथीत पोळलेल्या कुटुंबांसाठी '१:९९' हा मदतनिधी कार्यक्रम उभा केला. ब्लीच पाण्यात मिसळून घर पुसण्याचं तेव्हा सांगितलेलं प्रमाण, तेच नाव. सप्टेंबरमध्ये तिनं जाहीर केलं की आपल्यालाही तोच कर्करोग आहे. नोव्हेंबरात हाँगकाँग कोलिझियम या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये आठ कार्यक्रम केले. शेवटी एडी लाउनं शिवलेला तो पोशाख घालून 'सूर्यास्ताचं गीत' म्हटलं. ३० डिसेंबरला ती गेली, चाळिसाव्या वर्षी.

म्हणूनच सांगतो, तो व्हिडिओ आधी बाजूला ठेवा. तिथे ती आजारी आहे, आवाज थकलेला आहे. तेवढ्यावरून तिची कीव करणं हा तिच्यावर अन्याय आहे. आधी 'बॅड गर्ल', मग 'रूज'चं शीर्षकगीत, मग जपानी संगीतकार किटारोच्या चालीवरचं, वाहत्या पाण्यासारख्या सरत्या वर्षांचं तिचं गाणं. त्यानंतर १९८७-८८च्या कोलिझियममधल्या कार्यक्रमाचं चित्रण मिळवून पाहा. तेव्हा तिनं तिथे २८ प्रयोग केले होते. २००३ सगळ्यात शेवटी. आवडलीच तर तिच्या हाताखाली तयार झालेले ग्रासहॉपर हे त्रिकूट, गायक अँडी हुई आणि गायिका डेनिस होही ऐका. डेनिसच्या रांगड्या, मोकळ्या गाण्यात अनिताची शिकवण मला सगळ्यात जास्त जाणवते.