पळणाऱ्या मुलीचे फोटो हलतात, तर आधी काय शिकावं?

तुमची अडचण अशी दिसते: नवा कॅमेरा ऑटोवर ठेवून घरात पळणाऱ्या मुलीचे फोटो काढता, ते हललेले येतात, आणि आता कंपोझिशन (चौकटीतली मांडणी), एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश येतो), मोशन (हालचाल) यांपैकी आधी कशाला हात घालावा ते कळत नाही. माझं मत ठाम आहे. शटर स्पीडपासून, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्यापासून, सुरुवात करा. हलणारी गोष्ट गोठवायची की तिची गती दिसू द्यायची, हे एकदा ठरलं की एक्स्पोजरचं बाकीचं गणित त्यामागून येतं.

आधी एक खराब फोटो मोठा करून बघा. भिंतीसकट सगळंच एका दिशेला फराटल्यासारखं दिसतंय? मग तुमचा हात हलला. भिंत स्वच्छ आणि फक्त मुलगी फराटलेली? मग शटर तिच्या मानाने संथ पडलं. भिंत स्वच्छ, मुलगी फराटलेली नाही पण मऊ दिसतेय? तर फोकस चुकला. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त हाताची थरथर सावरतं, मुलीला थांबवत नाही, हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं.

हातासाठी साधा अंदाज असा: ५० मिलिमीटर लेन्सला किमान १/५० सेकंद, २०० ला १/२००. सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) लहान असेल तर दीडपट वेग धरा. पळणाऱ्या मुलांसाठी मात्र १/५०० च्या खाली सहसा जाऊ नका. उड्या, गिरक्या असतील तर १/१०००. ती तुमच्याकडे धावत येत असेल तर थोडा कमी वेग चालतो, समोरून आडवी जात असेल तर जास्त लागतो. उडीच्या अगदी टोकाला शरीर क्षणभर थबकतं, तिथे १/२५० सुद्धा निभावून नेतं.

आता प्रकाशाचा हिशोब. १/६० वरून १/५०० वर गेलात म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो), प्रकाश आठवा हिस्सा उरला. तो परत मिळवायला लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/५.६ वरून एफ/२.८ केलंत (आकडा लहान, भोक मोठं) तर दोन स्टॉप मिळतात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० चं ८०० केलंत की तिसरा. कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स एवढी उघडत नाही, तेव्हा आयएसओ सरळ ३२०० पर्यंत जाऊ द्या. नॉइज (फोटोत दाणे) येईल, येऊ द्या. दाणेदार पण स्वच्छ चेहरा कुणालाही आवडतो. हललेला चेहरा मागाहून दुरुस्त होत नाही. कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर (शटर स्पीड तुम्ही ठरवता, बाकी कॅमेरा), आयएसओ ऑटोवर, फोकस कंटिन्युअसवर (हलणाऱ्या माणसामागे फोकस जात राहतो) ठेवा, म्हणजे लक्ष मुलीकडे राहील. तिने पांढरा फ्रॉक घातला असेल आणि तो फ्रेमभर पसरला असेल, तर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो: त्याला सगळं मध्यम करडं करायचं असतं, म्हणून फ्रॉक मळका दिसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सोय) +१ करा. काळ्या कपड्यांना उलट.

गोठवणं जमलं की पॅनिंग, म्हणजे हलत्या गोष्टीबरोबर कॅमेरा वळवत फोटो घेणं, करून बघाच, मला स्वतःला यात सर्वांत जास्त आनंद मिळतो. सायकलस्वार चांगला. शटर १/३०. जिथे बटण दाबणार त्या दिशेला पाय रोवा आणि कमरेतून वळून, तो लांब असतानाच त्याला व्ह्यूफाइंडरमध्ये पकडा. तो येईल तसे त्याच्याबरोबर वळत राहा, समोर आला की हलकेच दाबा, आणि दाबल्यावरही वळणं थांबवू नका. बहुतेकांचा हात नेमका तिथे थबकतो आणि फोटो जातो. मागे झाडं, कुंपण असं काही हवं. मोकळ्या आकाशावर गतीच्या रेषा उमटत नाहीत. बरेच फोटो वाया जातील, ते सगळ्यांचेच जातात.

कोणता क्षण पकडायचा, हाही अभ्यासाचा भाग आहे. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने धावत्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले, तेव्हा दिसलं की चारही खूर हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार मात्र ते ताणलेले दाखवत आले होते. डोळ्याला हे सुटतं. म्हणून बर्स्टमधल्या (बटण दाबून धरून सलग घेतलेल्या) फ्रेम शेजारी शेजारी ठेवून बघा: पाऊल टेकताना धावणं जड दिसतं, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असताना हलकं.

कंपोझिशनबद्दल थोडक्यात. तृतीयांशाचा नियम (चौकटीचे आडवे-उभे तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवणं) पाठ करण्याआधी बटण दाबताना चौकटीच्या चारही कडांवर नजर फिरवायची सवय लावा: कापलेला हात, डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली चप्पल. यांतलं निम्मं एक पाऊल बाजूला सरकलं की जातं. मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर खाली बसा, आणि ती ज्या बाजूला धावतेय तिथे तिच्या पुढे जागा सोडा. एवढं अंगवळणी पडेपर्यंत नवी लेन्स घेऊ नका.