स्विफ्टची खडखड आणि दरमहा ८,००० चा हप्ता

साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३७, हातात पगार ५२,०००, पत्नी घर सांभाळतात, मुली ९ आणि ५ वर्षांच्या. २०१३ची पेट्रोल स्विफ्ट त्यांनी २०२० मध्ये जुनी घेतली. आता १,१८,००० किलोमीटर झालेत आणि खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या बाजूने खडखड येते. गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्म आणि स्टिअरिंग रॅक मिळून ३४,००० सांगितले. ‘एवढे हातात नाहीत. जीएसटी कमी झाल्यापासून नव्या गाड्या स्वस्त झाल्यात आणि बँकेतले साहेब ८ लाखांचं कर्ज द्यायला तयार आहेत. दुरुस्ती करू की नवी घेऊ?’

नवी घेऊ नका. ८ लाख, ७ वर्षं, साडेनऊ टक्के म्हणजे हप्ता १३,०००, आणि नुसतं व्याज ३ लाख. छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला हे खरं, पण त्याने तुमचा पगार वाढलेला नाही.

३४,००० सुद्धा लगेच देऊ नका. आधी आवाज नेमका कुठून येतो ते शोधून घ्या. एकाने गाडी बाजूने हलवायची आणि मेकॅनिकने लिंक रॉडवर, म्हणजे चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या छोट्या दांडीवर, हात ठेवायचा. सांधा ढिला असेल तर टकटक बोटांना कळते. लिंक रॉडची जोडी मजुरीसकट दोन-अडीच हजारांत बदलून होते. तिथे काही नसेल तर लोअर आर्मचे रबरी बुश, मग शॉकॲब्सॉर्बरच्या वरचं माउंट, आणि रॅक सगळ्यांत शेवटी. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कटकट आली तर ॲक्सलचा जॉइंट बघा, वेगाबरोबर घुमणारा आवाज वाढत गेला तर बेअरिंग. माझ्याही जुन्या गाडीला एका गॅरेजने असाच सगळा संच बदलायला सांगितला होता, दुसऱ्याकडे नेली तर फक्त बुश गेलेले निघाले. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसत असेल, तरच गाडी विकायचा विचार करा. २०२८ मध्ये १५ वर्षं होतील, तेव्हा फिटनेस तपासून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढते.

तुमच्या पत्रातलं ‘एवढे हातात नाहीत’ हे वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. १४,००० गृहकर्जाला आणि ८,००० एका पॉलिसीला जातात. पॉलिसी त्याच बँकेतल्या साहेबांनी ४ वर्षांपूर्वी दिली. १२ वर्षं भरायचं, विसाव्या वर्षी २० लाख हमखास, आणि तुम्ही लिहिता की ‘पैसे जवळपास दुप्पट होतात’. वर्षाला ९६,००० प्रमाणे तुम्ही साडेअकरा लाख भरणार. २० वर्षांनी २० लाख म्हणजे जेमतेम चार टक्के. तेच पैसे पीपीएफच्या सध्याच्या ७.१ टक्क्यांनी ३२ लाख होतात.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. या पॉलिसीचं विमाकवच १० लाख आणि दुसरा विमा नाही. गृहकर्ज १३ लाख बाकी आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ताईंच्या हाती आलेले सगळे १० लाख बँकेला जातील आणि वर ३ लाखांचं देणं उरेल. एकट्याच्या पगारावर चाललेल्या घराला हे विकणाऱ्याने तुमचं घर विचारातच घेतलं नाही, याचा मला खरोखर राग येतो. आणि आता तोच माणूस वाहनकर्ज घेऊन आलाय. ते घेतलंत तर घरखर्चाचे ३०,००० उरतात त्याचे १७,००० होतील.

आधी १ कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, वर्षाला साधारण १५ ते १८ हजार. तो कागद हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही, मध्ये एखादा हप्ता भरावा लागला तरी चालेल. मग ती सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच बंद करून पैसे परत घ्या. भरलेल्या ३.८४ लाखांतले निम्मे, १.९ लाखांच्या आसपास परत येतील. निम्मे बुडाले हे जिव्हारी लागेल, मान्य. पण आलेले १.९ लाख आणि पुढच्या ८ वर्षांचे हप्ते पीपीएफच्या दराने वाढले तरी २४ लाख होतात. पॉलिसी पुढे रेटलीत तर २० लाखच.

त्या १.९ लाखांतून गाडीचं काम करा, बाकीचे एफडीत ठेवा, अडीअडचणीला. सुटलेल्या ८,००० पैकी दीड हजार टर्मला, अडीच हजार गाडीच्या नावाने रिकरिंगला. वर्षाचे ३०,००० झाले, त्यात टायर, बॅटरी, क्लच सगळं निभेल. उरलेले ४,००० मुलींच्या सुकन्या समृद्धीत, सध्या ८.२ टक्के आहेत. हे खातं मुलगी १० वर्षांची व्हायच्या आतच उघडता येतं आणि थोरली ९ ची आहे, तेव्हा तिच्यासाठी याच आठवड्यात पोस्टात जा.

सरेंडर केलं तर किती आणि पेड-अप केलं, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती, हे दोन्ही आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा आणि मला पाठवा. बँकेतल्या साहेबांमार्फत मागवू नका.