रूट कॅनालनंतर जबडा आखडलाय, तोंड उघडत नाही. हे किती दिवस राहतं आणि काय करावं?

खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल सुरू होऊन चार दिवस झाले, तोंडात दोन बोटंही जात नाहीत, कानापुढे ठणकतं, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी बैठक आहे, असं तुम्ही लिहिलंय. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी माझी हीच अवस्था होती, म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, लालबागला ब्लाऊज शिवते. पण तीन आठवडे मी हा जबडा सांभाळलाय. त्यात माझं काय चुकलं आणि कशानं गुण आला, ते सगळं लक्षात आहे.

आधी एवढं तपासा. ताप आहे का? गालावरची किंवा हनुवटीखालची सूज रोज वाढतेय का? थुंकी गिळायला त्रास होतोय, जिभेखाली फुगलंय, आवाज जड झालाय, श्वास अडतोय, यातलं काही असेल तर पुढचं वाचू नका. दवाखाना उघडायची वाट न बघता मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा. दाढेतला पू मानेकडे उतरला तर जिवावर बेततं. आणि डाव्या जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, दरदरून घाम असलं काही असेल तर ते दाताचं समजू नका, हृदयाचं असू शकतं.

यातलं काही नसेल, तर बहुतेक वेळा हा स्नायू आखडल्याचा प्रकार असतो. डॉक्टर त्याला ट्रिस्मस म्हणतात. माझ्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: वरच्या दाताजवळ सुई दिली की औषध हाडात झिरपतं, पण खालच्या दाढांपाशी हाडाचं कवच जाड असतं. म्हणून सुई थेट मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला द्यावी लागते, जिथे नस हाडात शिरते. तिथेच चावायचा एक स्नायू असतो. त्याला सुई टोचली किंवा बारीकशी रक्तवाहिनी दुखावून थोडं रक्त साकळलं, की तो स्नायू आवळून बसतो. त्यात तासभर आ वासून बसलेलो असतो, त्यामुळे कानापुढचा सांधाही दुखावतो. कितीही सराईत हाताकडून हे होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांवर राग धरू नका. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत सुटतं, काहींना सहा आठवडेही लागतात. मला तीन लागले, त्यातला पहिला माझ्या भीतीनं वाया गेला.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तोंडाला आराम दे, हलवूच नकोस." मला ते पटलं. सहा दिवस मी तोंड जवळजवळ मिटून ठेवलं, पेज आणि चहावर काढले. गिऱ्हाईक गळा किती खोल ठेवायचा विचारायचं आणि मी बोटांनी दाखवायचे. सातव्या दिवशी जबडा पहिल्यापेक्षा जास्त घट्ट झाला होता. शेवटी डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "ताई, न हलवलेला स्नायू आणखी आवळतो." याच्या उलटी चूक म्हणजे दातांत चमचा घालून जोरानं तोंड उघडणं. तेही करू नका. सुती कापड आटलं की आम्ही ते ओलं करून, हातानं हळूहळू ताणून सरळ करतो. हिसका दिला तर वीणच जाते. स्नायूचंही तसंच समजा.

म्हणून आधी शेक. पहिल्या दिवशी बर्फ ठीक असतो, पण तुम्ही चौथ्या दिवशी आहात, आता ओला शेक द्या. जाड नॅपकिन गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा आणि कानापुढून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं धरायचा. निवला की पुन्हा बुडवायचा. मी दिवसातून पाच-सहा वेळा करायचे, दुपारी मशीन थांबवून. गाल सुजून लाल आणि गरम झाला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेकू नका.

शेकानंतर लगेच व्यायाम. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावा आणि ते न सोडता जितकं उघडेल तितकंच तोंड उघडा. पाच-सहा वेळा. मग खालचा जबडा सावकाश डावीकडे, उजवीकडे, थोडा पुढे. हे जमायला लागलं की अंगठा वरच्या दातांना आणि तर्जनी खालच्या दातांना टेकवून कात्रीसारखी हळू उघडायची, मनात दहा मोजायचे, सोडायचं. दर तीन-चार तासांनी पाच मिनिटं पुरे. ओढ बसली तर चालतं, कळ आली की तिथेच थांबायचं. काही ठिकाणी आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगतात, रोज एखादी वाढवत. सांधा दुखत असल्यानं मला ते मना केलं होतं, तेव्हा तुम्हीही विचारूनच करा.

आता मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते: माप. उघडलंय की नाही हे मनाला कळत नाही, दुखतंय एवढंच कळतं. पेपर कटिंगच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, तिचं टोक खालच्या पुढच्या दाताच्या धारेवर टेकवा, वरच्या दाताची धार येते तिथे नखानं खूण करा आणि ती पट्टी टेपवर धरा. बहुतेक मोठ्या माणसांचं तोंड चाळीस मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त उघडतं, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी जातात. माझ्या मापाच्या वहीत, एका गिऱ्हाइकाच्या छाती-कंबरेच्या आकड्यांखाली, सातव्या दिवसाचा माझा आकडा आहे: १९. मग २१, २२, २४. रोज सकाळी, शेक घेण्याआधी, एकाच वेळी मोजायचे. एक-दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण २१ लिहिलं त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

२४ वर दोन दिवस आकडा अडकला. डॉक्टरांनी बोलावून निळा कागद दातांत धरायला लावला आणि चावून बघायला सांगितलं. तात्पुरतं भरलेलं सिमेंट केसभर उंच राहिलं होतं. प्रत्येक घासाला तीच दाढ आधी टेकत होती आणि जबडा नकळत तिला चुकवत होता. घासून पाच मिनिटांत सारखं केलं. दात मिटताना ती एकच दाढ आधी लागते असं तुम्हालाही वाटत असेल तर हे आवर्जून सांगा.

दुसरं कारण माझ्या कामातलं निघालं. मी टाचण्या ओठांत धरते, दोरा दातानं तोडते आणि काजं करताना दात आवळून बसते, हे मला माहीतच नव्हतं. जेवताना आणि गिळताना सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागता कामा नयेत: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मी मशीनच्या चाकाला लाल दोरा बांधला, तो दिसला की दात सोडायचे. पहिल्या दिवशी दर वेळी दात आवळलेलेच सापडले. तुम्ही संगणकावर काम करत असाल किंवा लोकलच्या गर्दीत उभं राहून जात असाल तर तिथेही लक्ष ठेवून बघा.

गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच घ्या. ॲसिडिटी, बीपी, किडनी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, जे असेल ते त्यांना आधी सांगा. आणि पावसाळ्यात मुंबईत ताप आला की डेंग्यूची शंका असते. डेंग्यूत आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या चालत नाहीत, म्हणून तापात स्वतःच्या मनानं वेदनाशामक घेऊ नका.

उपाशी मात्र राहू नका, अशक्तपणानं दुखणं दुप्पट वाटतं. तूप घातलेली मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, सायीचं दही आणि मऊ भात, आमटीत भिजवून कुस्करलेली पोळी. मासे खात असाल तर ओल्या बोंबलाचं कालवण, त्याला चावावंच लागत नाही. घास लहान घ्या. वडापाव, चिक्की, पेरू थोडे दिवस राहू द्या. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

एक प्रश्न विचारते, स्वतःशी खरं उत्तर द्या. सुपारी, मावा, गुटखा खाता का? आणि रूट कॅनालच्या आधीपासूनच तोंड कमी उघडत होतं का, तिखट लागलं की आग होते का? तसं असेल तर हे सुईचं नाही, सुपारीनं तोंडाची आतली कातडी कडक होत जाण्याचा आजार असू शकतो आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे तरी तो मिळतो, आणि सुपारी तर घरोघरी आहे. माझ्या चुलत दिरांचं तोंड असंच बंद होत गेलं, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. केसपेपर काढून दाखवून या.

पुढची बैठक मनानंच रद्द करू नका. अर्धवट रूट कॅनालवरचं तात्पुरतं सिमेंट फार दिवस टिकत नाही आणि आत पुन्हा जंतू शिरतात. तोंड पुरेसं उघडेपर्यंत पुढे ढकलायची का, हे डॉक्टरच ठरवतील. बैठक होईल तेव्हा ती लहान ठेवायला सांगा, दातांमध्ये धरायचा रबरी ठोकळा मागा म्हणजे स्नायूंवर ताण येत नाही, आणि हात वर केला की थांबायचं हे आधीच ठरवून घ्या. माझी उरलेली बैठक अशीच झाली. दुसऱ्या दिवशी तोंड ३८ उघडलं, आदल्या दिवशीइतकंच.

उद्या सकाळी त्यांना फोन करा. सुई कोणत्या दिवशी दिली, आखडायला कधी लागलं, आज किती मिलिमीटर उघडतंय, ताप किंवा सूज आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून समोर ठेवा. बोलताना दुखत असेल तर घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. माझ्यासाठी लेकीनं वाचलं होतं.