टेक कंपन्यांकडून दुकानानं आणि चर्चनं नेमकं काय शिकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात इतवारीत वडिलांच्या वेळचं ठोक किराण्याचं दुकान आहे, सदरच्या चर्चच्या कमिटीवरही आहात, आणि दोन्हीकडची तरुण पोरं म्हणतात, "आता टेक कंपन्यांसारखं चालवा." शिवाय एक एजन्सी चर्चचं ॲप करून द्यायला पैसे मागते आहे. तर यातलं घ्यायचं काय?

मी मिहानमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीतही बसतो, म्हणून लिहितो. चूक झाल्यावर या कंपन्या काय करतात, तेवढं उचला. बाकीचं बरंचसं तुमच्या उपयोगाचं नाही, काही तर घातकच आहे.

गिटलॅब नावाची कंपनी घ्या, प्रोग्रामरांचा कोड ऑनलाइन सांभाळणारी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरनं रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटातले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, पण ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप कधीपासून फसतच होता आणि तसं सांगणारे ईमेल कोणाला मिळतच नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला तो गेलाच.

आता पुढचं बघा. कंपनीनं दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. नंतरच्या अहवालात त्या माणसाचा उल्लेख 'टीम मेंबर १' एवढाच. सगळा भर कशावर, तर चूक इतक्या सहज होऊ शकली कशी आणि बॅकअप बंद असल्याचं कोणालाच कसं कळलं नाही, यावर. आमच्या धंद्यात याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. गुगलसारख्या कंपन्यांतही ते दोष न देता लिहायची पद्धत आहे. हे औदार्यापोटी चालत नाही. माणसाला भीती वाटली की तो लपवतो, आणि लपवलेली चूक पुन्हा होते, एवढा साधा हिशोब आहे.

इतवारीत काय होतं? माल चुकीच्या गोडाऊनला उतरतो, हमालाला शिव्या पडतात, विषय संपला. चिठ्ठीवर गोडाऊनचं नाव होतं का, हे कोणी पाहत नाही. बहुतेकदा नसतंच. ऑर्डर फोनवर आलेली, मुनीमजींच्या डोक्यात असलेली, आणि मुनीमजी गावाला लग्नाला गेलेले. कोणाची उधारी किती दिवस चालते, कोणाला कुठला भाव लावायचा, हे एकाच डोक्यात असणं हा धंद्यातला मोठा धोका आहे. आमच्याकडे तर गमतीनं विचारतात की हा माणूस उद्या बसखाली आला तर किती कामं अडतील? तुम्ही तेवढं अभद्र बोलू नका, मुनीमजींना पंधरा दिवसांची सुटी द्या आणि काय काय अडतं ते वहीत लिहीत जा. ती वही कुठल्याही सल्लागाराच्या रिपोर्टपेक्षा कामाची निघेल.

चर्चमधलं उदाहरण आमच्याच मंडळीचं सांगतो. नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना, माणसं दारापर्यंत उभी, आणि पाळकसाहेबांचा संदेश सुरू होताच माईक बंद. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नजरा साउंड सांभाळणाऱ्या पोरावर. पुढच्या बैठकीत आम्ही नाव न घेता फक्त काय झालं ते क्रमानं लिहिलं. बाहेरची रोषणाई, साउंड आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकाच लाइनवर होती. किटली लावली आणि एमसीबी, म्हणजे भार वाढला की लाइन तोडणारा स्विच, पडला. किटली लावणाऱ्या मावशींना हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. साउंडला वेगळी लाइन टाकून घेतली. त्या पोराला झापलं असतं, तर पुढच्या वर्षी दुसरं पोरगं शोधावं लागलं असतं आणि वायरिंग तेच राहिलं असतं.

गिटलॅबच्या गोष्टीतला दुसरा धडा तुमच्या रजिस्टरांसाठी आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन यांच्या जुन्या वह्या लाकडी कपाटात असतील, वाळवीची भीती असेल. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढून 'डिजिटल केलं' म्हणत असेल. मग परीक्षा घ्या. कमिटीच्या बैठकीत सहज एखादं जुनं साल सांगा आणि त्या वर्षीची बाप्तिस्म्याची एक नोंद फोटोंमधून काढून दाखवायला सांगा. सापडली तर बॅकअप आहे, नाही तर ते नुसते फोटो आहेत.

कमिटीच्या बैठकांचं म्हणाल, तर २००४ मध्ये ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. मांडणाऱ्यानं जास्तीत जास्त सहा पानांचं टिपण आणायचं, बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते गप्प बसून वाचायचं, मग बोलायचं. आपल्याला एक पान पुरे. ज्यांचा आवाज मोठा त्यांचंच चालतं, हा आपल्या कमिट्यांचा जुना रोग त्यानं थोडा कमी होतो. पूर्ण जात नाही.

याच बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले: परत फिरता येणारे आणि न येणारे. संध्याकाळची उपासना अर्धा तास आधी ठेवून बघणं हा पहिला प्रकार, त्यासाठी तीन बैठका कशाला? जागा विकणं हा दुसरा, तिथे घाई करूच नका. दुसऱ्या प्रकाराचा मोठा दाखला नागपुरातच आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती, आणि एवढं होऊनही मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ऐन वेळी बाहेरच राहिलं. 'जोरात पळा, मोडतोड झाली तरी चालेल' हे फेसबुकचं जुनं ब्रीद त्या वाटाघाटी करणाऱ्यांना ऐकवलं असतं, तर त्यांनी काय तोंड केलं असतं कोण जाणे. फेसबुकनं स्वतःही ते २०१४ मध्ये बदललं.

काय घेऊ नये, हेही बोलू. नेटफ्लिक्सनं २००९ मध्ये आपली धोरणं जाहीर केली. त्यात लिहिलं होतं की जेमतेम काम करणाऱ्याला चांगली रक्कम देऊन निरोप द्यायचा. दुकानात हे एकवेळ चालेल, पण वीस वर्षं पोती वाहिलेल्या माणसाला इतवारीत असं काढलंत, तर बाजार काय बोलेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मंडळीत तर हा विचारच उलटा. जो कमी पडतो त्याच्यासाठीच ती आहे. हजेरीचे आकडे, यूट्यूबचे व्ह्यूज, यांचा तक्ता भिंतीवर लावायची हौस कोणाला आलीच, तर वेळीच थांबवा. उपासनेला न येणाऱ्या आजारी माणसाला महिन्यातून कितीजण भेटले, हा आकडा हवा तर ठेवा.

आणि प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांचे हॉस्पिटलचे रिपोर्ट फिरवणं बंद करा. माहिती गोळा करत सुटायची ही सवय टेक कंपन्यांचीच, आणि तिला लगाम घालायला २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा करावा लागला. नाव आणि 'यांच्यासाठी प्रार्थना करा' एवढं पुरतं.

ॲप? नको. अमेरिकेतल्या एका चर्चनं २००८ मध्ये काढलेलं यूव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे, त्यात मराठी बायबलही आहे. सूचनांना व्हॉट्सॲप आहे, अर्पणाला यूपीआयचा क्यूआर लावा. फक्त तो क्यूआर चर्चच्या खात्याचा असू द्या, खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा नको, तो कितीही सज्जन असला तरी.