आवंढा गिळला की श्वास थांबतो

वाचकांचे प्रश्न : श्वास आणि आवाज

प्रश्न : ताई नमस्कार. मी ३८ वर्षांची आहे, सांगलीत विश्रामबागला राहते, घरीच शिकवण्या घेते. कॉलेजला असताना एकांकिका करायचे, लग्न झालं तसं सगळं बंद. गेल्या महिन्यात मैत्रिणीबरोबर एका ब्रेथवर्कच्या शिबिराला गेले. मोठ्याने म्युझिक लावून, झोपवून, तासभर तोंडाने जोरजोरात श्वास घ्यायला लावला. थोड्या वेळाने हातांना मुंग्या आल्या, बोटं आत वळली ती सरळच होईनात, आणि मग मी इतकी रडले की विचारू नका. शिकवणारे म्हणाले दाबलेल्या भावना बाहेर पडतायत, अजून ब्लॉकेज आहे, पुढची लेव्हल केली की पूर्ण मोकळ्या व्हाल. दोन दिवस खरंच हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी एका हौशी नाटकाच्या ग्रुपमधून फोन आला, तालमीला येतेस का, सासूबाई शेजारीच बसलेल्या, मी 'नाही जमणार' म्हणून फोन ठेवला. पुढच्या लेव्हलचे पैसे भरू का? की माझंच काही चुकतंय?

उत्तर : पैसे भरू नकोस, हे आधी सांगते. आणि तुझं काहीही चुकलेलं नाही. (अगंतुगं करते, चालेल ना? नाटकातल्या पोरींना आवाजाचं शिकवता शिकवता तोंडात तेच बसलंय.)

आधी हातांचं बघू, कारण ते ब्लॉकेज वगैरे काही नव्हतं. आपण गरजेपेक्षा जास्त आणि जोरात श्वास घेत राहिलो की ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो रक्तात आधीच भरपूर असतो, पण कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर जातो. त्याने रक्ताचा आम्लपणा कमी होतो, रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, आणि मग नसा चिडल्यासारख्या होतात, ओठांना बोटांना मुंग्या येतात, हात आत वळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून ते गरगरणं, तरंगल्यासारखं वाटणं. हे मनात काही साठलेलं असो नसो, कुणालाही झोपवून तासभर असा श्वास घ्यायला लावला तरी होऊ शकतं. ही पद्धतही फार जुनी नाही बरं का, स्टॅनिस्लाव्ह ग्रोफ नावाच्या मूळच्या चेक मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या बायकोने, क्रिस्टीनाने, १९७०च्या दशकात अमेरिकेत ती बसवली. त्याआधी तो एलएसडी देऊन उपचार करायचा, त्यावर कायद्याने बंधनं आली, मग तशी मनाची अवस्था नुसत्या श्वासाने आणि संगीताने आणता येते का हे त्याने बघितलं. हृदयाचा त्रास, जास्त बीपी, फिट्स, काचबिंदू, गरोदरपण, गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे करू नये असं ती पद्धत शिकवणारेच सांगतात. तुला आत घ्यायच्या आधी यातलं एक तरी विचारलं होतं का? नसेल विचारलं तर तिथे परत पाऊल टाकू नकोस.

पण रडू मात्र खरं होतं. ते मी केमिकलच्या खात्यावर टाकून देणार नाही. तासभर तू डोळे मिटून पडलीस आणि त्या तासात कोणी हाक मारली नाही, चहा टाक म्हटलं नाही, मुलांच्या डब्याचं विचारलं नाही, असा तास लग्नानंतर तुला किती वेळा मिळाला असेल? त्यासाठीसुद्धा रडू येऊ शकतं गं.

आता तो फोन. मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. 'येते' म्हणायचं होतं, शब्द तोंडाशी आला होता, बरोबर? आणि मग तू आवंढा गिळलास. गिळताना श्वासनलिकेचं तोंड बंद होतं आणि श्वास तेवढ्यापुरता थांबतोच, नाहीतर घास श्वासनलिकेत जाईल. आणि आवाज तर बाहेर जाणाऱ्या श्वासावरच येतो, उच्छ्वास स्वरतंतूंमधून गेला तरच ते थरथरतात. म्हणजे शब्द गिळणं हा नुसता वाक्प्रचार नाही, आपण खरोखर गिळतो आणि तिथेच श्वास तुटतो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये हे इतक्या वेळा बघितलंय, वाक्य जोरात सुरू होतं, 'मला असं वाटतं की', आणि मग गिळलं, आणि पुढचं 'जाऊ दे' एवढंच ऐकू येतं. ज्या वाक्यात स्वतःला काहीतरी हवं असतं ना, नेमकं तेच तुटतं.

म्हणून तुला वादळी श्वास नकोय, लांब उच्छ्वास हवाय. संध्याकाळी शिकवण्या संपल्या की गच्चीवर जा, नाकाने चार आकडे मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. आकडा साधारण सेकंदाएवढा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात, एरवी आपण बसल्या जागी बारा ते वीस घेतो. मनगटाची नाडी धरून बघ, श्वास घेताना ती जरा पळते, सोडताना सावकाश होते, कारण मेंदूकडून हृदयाला आवर घालणारी व्हेगस नावाची नस उच्छ्वासाच्या वेळी जास्त काम करते. पाचेक मिनिटं पुरे. मग खालचा सा लाव, खर्जातला, जमेल तेवढा, ओठ मिटून नुसता म्म्म् केलास तरी चालेल, छातीवर हात ठेवलास तर तिथे थरथर लागली पाहिजे. आणि त्याच लांब श्वासावर एक वाक्य म्हण : "मला मंगळवारी आणि शुक्रवारी तालमीला जायचंय." फुलस्टॉपपर्यंत. 'जायचंय' हा शेवटचा शब्द जिथे बसतो तिथे तुझा श्वास संपतोय, की शिल्लक असूनही तू गिळतेयस, हे रोज बघ. शिल्लक असेल तर उरलेलासुद्धा सोड, वाक्य झाल्यावरही थोडा सोड.

हे पंधरा दिवस कर आणि मग ते वाक्य आधी नवऱ्याला सांग. त्या दोन संध्याकाळी भाकऱ्या कोण करणार हेही ठरवून जा, कारण सासूबाई पहिला प्रश्न तोच विचारतील आणि तो त्यांचा हक्काचा प्रश्न आहे. त्यांचं तोंड वाकडं झालं तरी चालेल, तुझं वाक्य पूर्ण झालं पाहिजे. श्वास तुझ्या वतीने भांडायला येणार नाही, तो तुला वाक्याच्या शेवटापर्यंत पोचवेल, पुढचं घरातलं बोलणं तुम्हालाच करावं लागणार. (आणि बोलण्याची भीती मारहाणीची वगैरे असेल, पत्रात तसं काही नाही तरी विचारते, तर हा उपाय नाही, मला परत लिही, तिथे माणसं लागतात.)

१८४३ला आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, माइक नव्हता, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तो छातीच्या जोरावर, आणि बाईला रंगमंचावर जागाच नव्हती, बायकांची कामंही पुरुषच करायचे. आज तुला जागा आहे, फोन करून बोलावतायत. त्यांना परत फोन लाव.

प्रश्न : मी साताऱ्याचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मॉक इंटरव्ह्यूला आवाज थरथरतो. सगळे म्हणतात आत जायच्या आधी खोल श्वास घे, घेतो, तर अजूनच धडधडतं.

उत्तर : धडधडणारच रे. घाबरलेला माणूस छाती आधीच अर्धी भरून बसलेला असतो, त्यावर तू अजून हवा भरतोस, आणि वर सांगितलं तसं श्वास घेताना नाडी पळतेच. आधी सोड. दार उघडायच्या आधी तोंडाने फुंकर घातल्यासारखा हळू, पोट आत जाईपर्यंत, मग आत यायचा तेवढा श्वास आपोआप येतो. अजिंक्यताऱ्याचा चढ चढताना रोज मोठ्याने बोलत जा, उत्तरं म्हणत जा, दम लागला की कुठे तोडायचं आणि कुठे श्वास घ्यायचा हे पायच शिकवतात. प्रश्न कळला नाही तर तसं सांगायलाही शीक, अर्धी थरथर त्या लपवाछपवीचीच असते.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा, कृष्णेत पोहायला जातो. व्हिडिओत बघितलं, आधी तीसेक जोरात श्वास घेतले की पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं. खरंच येतं! अजून वाढवायला काय करू?

उत्तर : आजपासून बंद कर. हे मी विनवून सांगतेय. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तू तो आधीच बाहेर टाकतोस, म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवतोस, ऑक्सिजन संपत येतो तरी शरीर हाक मारत नाही आणि पाण्याखाली एकदम शुद्ध हरपते. चांगले पट्टीचे पोहणारे असे गेलेत. दम वाढवायचाच असेल तर जमिनीवर, बसून, वरचा चार-सहाचा श्वास कर. पाण्यात उतरताना साधा श्वास घे, आणि घाटावर कोणीतरी सोबत असू दे, मोबाइल बघणारा नको, तुझ्याकडे बघणारा.