कार्ड साइटवर सेव्ह करू का, असं विचारताय; फोटो कोणाकोणाकडे आहे ते आधी सांगा

प्रश्न आहे: ‘ऑनलाइन खरेदी करताना क्रेडिट कार्ड साइटवर सेव्ह केलं तर धोका असतो का? दर वेळी नंबर टाकणं जास्त सुरक्षित नाही का?’

सेव्ह करा. नेहमीच्या साइटवर बिनधास्त करा. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपल्याकडच्या कुठल्याही खरेदीच्या साइटला तुमचा सोळा आकडी नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही. तिथे राहतं ते टोकन, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी दिलेला सांकेतिक नंबर, आणि तेही त्या एका साइटपुरतं. उद्या त्या साइटवर दरोडा पडला तरी चोराला ते टोकन दुसऱ्या दुकानात वापरता येणार नाही. प्रश्नाचं उत्तर एवढंच. ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो.

पण तुम्ही साइटला घाबरताय आणि माझे पैसे साइटने नेले नव्हते, म्हणून लिहितोय. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. 2021 मध्ये गावात क्रेडिट कार्ड बहुधा माझ्या एकट्याकडे होतं. त्यामुळे सेल लागला की कोणाला मोबाइल हवा असायचा, कोणाला मिक्सर. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या फवारणीचे दिवस होते. दादाचा पाठीवरचा पंप गळायला लागला होता आणि बॅटरीचा सोळा लिटरचा पंप माझ्या कार्डावर स्वस्त पडत होता. पुतण्या अंगणात मोबाइल घेऊन बसला. त्याच्या सिमला अंगणात रेंज होती, माझ्या सिमला फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. मी तिसऱ्या पायरीवर उभा राहून ओटीपीचे सहा आकडे ओरडून सांगायचो, मधे कोणाचा तरी ट्रॅक्टर जायचा, तो ‘काय म्हन्लं?’ विचारायचा, आणि तेवढ्यात वेळ संपायची. असं तीनदा झालं. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी शेवटी विचारलं, ‘मास्तर, लॉटरी लागली का?’

मग पुतण्या म्हणाला, ‘काका, कार्डाचा दोनी बाजूचा फोटो टाका न. मी तालुक्याले जाऊन करून घेतो, तुम्ही टाकीवरूनच फोनवर आकडे सांगा.’ मी टाकला. मागची बाजूसुद्धा, तीन आकड्यांसकट. पंप आला, चांगला निघाला, अजून चालतो.

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी गाडीवर निघालो, फाट्याजवळ रेंज आली आणि खिशात एकामागून एक मेसेज वाजायला लागले. रात्री दोनच्या सुमारास कुठल्यातरी परदेशी साइटवर डॉलरमध्ये दोन खरेद्या झाल्या होत्या, मिळून साडेदहा हजारांच्या वर. ओटीपी आलाच नव्हता. परदेशातल्या बऱ्याच साइट ओटीपी मागत नाहीत. नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे असले की काम झालं. रपट्यावर गाडी लावून कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन केला, कार्ड बंद केलं. पंधरा मिनिटांनी तिसरी खरेदी नाकारल्याचा मेसेज आला. ती पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी होती.

दुपारी पुतण्याला घेऊन तालुक्याच्या त्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. त्याच्या मोबाइलवरून जमलं नाही म्हणून त्याने फोटो तिथल्या कॉम्प्युटरवर घेऊन ऑर्डर टाकली होती. स्क्रीनवर पीकविम्याचे फॉर्म, सातबारे, लोकांची आधारकार्डं, आणि त्यांच्या मधोमध माझं कार्ड. फाइलला नाव दिलं होतं ‘काकाचं कार्ड’. महिनाभर ते तिथे पडून होतं, आणि त्या कॉम्प्युटरवर दिवसाला पन्नास माणसं बसत असतील. सेंटरवाल्यानेच चोरी केली असं मी म्हणत नाही, तो बिचारा घाबरला होता. पण चोराला साइट फोडायची गरजच नव्हती, एवढं मला कळलं.

आता वादाचा मुद्दा. बँकेच्या फॉर्मवर प्रश्न होता: कार्डाची माहिती कोणाला दिली होती का? मी खरं लिहिलं. रिझर्व्ह बँकेचा जुलै 2017 चा नियम असा, की चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याचीच असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही बसत नाही. पण तुमच्या हलगर्जीपणामुळे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. माझे साडेदहा हजार गेले. दादा तेव्हापासून म्हणतो, ‘लय हरिश्चंद्र झाला! नाही लिहिलं असतं त कोन पाहाले येत होतं?’ आणि हाच दादा पानठेल्यावर सांगतो, ‘आमच्या मास्तरले इंटरनेटनं लुटलं.’ अरे, इंटरनेटने कसलं? पंप तुझा, पोरगा तुझा, फोटो माझा. फॉर्मवर खोटं लिहिलं असतं तर शाळेतल्या पोरांना कुठल्या तोंडाने शिकवलं असतं, ते सोडा. सोमवारी बँकेत उभं राहताना मलाच लाज वाटली असती.

तर तुम्हाला सांगायचं ते हे. कार्डाचा फोटो भावाला, मुलाला, जावयाला, कोणालाच पाठवू नका. मागितला तर त्यांनाच घरी बोलवा. मागचे तीन आकडे पाठ करून मी नव्या कार्डावरून ब्लेडने खरवडून टाकलेत. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नंबर टाकण्यापेक्षा स्वतःच्या मोबाइलवर सेव्ह केलेलं कार्ड शंभर पटीने बरं. आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचं बटण असतं, ते आत्ताच बंद करा. 2020 मधल्या नियमामुळे नवीन कार्डावर ते मुळात बंदच येतं. माझं मीच चालू केलं होतं. कार्ड आल्यावर काही अडू नये म्हणून सगळी बटणं एकदम हिरवी केली होती. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

एक राहिलं. टोकनचं वर लिहिलं ते आपल्याकडच्या साइटपुरतं. परदेशी साइटवर कार्ड सेव्ह करू नका, नंबर टाकायचाच असेल तर बटण तेवढ्यापुरतं चालू करून लगेच बंद करा. आणि पैसे गेलेच तर आधी कार्ड बंद, मग 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. पावत्या, तक्रारीचा नंबर वगैरे नंतर शोधता येतं.

दादा इथे येत नाही. पुतण्या येतो. त्याने हे घरी मोठ्याने वाचून दाखवावं, बटणांचं वाक्य गाळून.