ओतण्याआधी चेहरा बघ

बाये,

पत्र मिळालं. बापाची तावेर्न, म्हणजे गावातलं दारूचं दुकान, सांभाळावी की परवाना विकून पुण्याची नोकरी धरावी, हा पेच मला कळतो. पण मधेच तू विचारलंस, "दारू विकून सभ्य राहता येतं का?" तिथे मी थांबलो.

येतं. नाही म्हणता आलं तर येतं.

गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या आमच्या तावेर्नमध्येच मी वाढलो. पुढे पोसरो, म्हणजे वाणसामानाचं दुकान, मागे बाकं, त्यामागे आमची चूल. एप्रिलमध्ये हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, आला की माझ्या शाळेच्या सदऱ्यालाही काजूचा वास यायचा. फेणीची, म्हणजे त्याच रसाच्या पुढच्या, कडक दारूची बाटली हलवायची आणि वर आलेले मणी किती टिकतात ते बघायचं, हे बाबांनी शिकवलं. मणी लगेच फुटले तर माल भाटीवाल्याला, म्हणजे फेणी गाळणाऱ्याला, परत. पण त्याहून जास्त त्यांनी माणसं बघायला लावली. ओतण्याआधी चेहरा बघ. आवाज चढलाय का? आज मजुरी मिळालीय का?

मजुरीच्या दिवशी आधी वही उघडायची. तांदूळ, रॉकेल, साबण यांचे पैसे चुकते झाल्याशिवाय पेला नाही. लोक शिव्या घालत, उठून दुसरीकडे जात. असाच परत पाठवलेला एक जण दुसरीकडे पिऊन रात्री शेतात पडला, तो वाचला नाही. आमच्याकडे बसला असता तर निदान डोळ्यांसमोर राहिला असता, हे मला अजून छळतं. तरीही मी बाबांच्याच बाजूचा आहे. दारूने घरं मोडतात हे तुला सांगायला नको. म्हणूनच चेहरा बघायचा.

२००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. तुझ्या मैत्रिणींना ती आता हॉटेलातल्या उंची पेल्यात चालते, आणि तुझ्या बापाच्या बाकावर बसणारा तेवढा बेवडा? अशा मैत्रिणींचं ऐकून तू बापाची लाज धरतेस, याचा मला राग येतो.

किनाऱ्यावरचे लोक माझ्याकडेही आले होते. दिवे लावू, गाणी लावू, चांगले पैसे देऊ म्हणाले. मी नाही म्हटलं. माझ्या हट्टापायी घराची डागडुजी रखडली, असं मुलगा आजही बोलून दाखवतो. रखडली असेल. पण रात्रभर अनोळखी गर्दीला ओतत बसलो असतो तर कुणाचा चेहरा बघितला असता? मी बरोबरच केलं.

परवाना विकायचा तर विक, पुण्याला जा, माझा आशीर्वाद आहे. फक्त लाजेपोटी विकू नकोस. आणि चालवायचीच असेल तर हा हंगाम संपेपर्यंत रोज संध्याकाळी बापाशेजारी गल्ल्यावर उभी राहा. तो कुणाला नाही म्हणतो, कधी म्हणतो, म्हणताना कसा बोलतो ते बघ. मग मला पत्र लिही, आणि या खेपेला मैत्रिणी काय म्हणतात ते त्यात नको.

तुझा काका